हृदयाच्या टिश्यूतले प्रोटीन मास स्पेक्ट्रोमेट्रीवर कसे बघायचे: मशीन लांब असलं तरी खरं काम आपल्याच टेबलावर

नांदेड, परभणी, लातूर, संभाजीनगर, इकडची एमएस्सी-पीएचडीची लेकरं एक गोष्ट हमखास म्हणतात, की आमच्या कॉलेजात मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वजन मोजणारं मशीन) नाही मग प्रोटिओमिक्सचा, म्हणजे एकदम हजारो प्रोटीन ओळखून मोजायचा, विषय घेऊन करायचं काय. तर आधी हेच मनातून काढून टाका. मशीनवर तुमचं सॅम्पल फार तर दीड-दोन तास असतं, त्याच्या आधीचे जे आठ-दहा दिवस आहेत, टिश्यू काढणं, गोठवणं, दळणं, प्रोटीन काढणं, कापणं, धुणं, वाळवणं, ते सगळं आपल्या साध्या लॅबमध्ये होतंय आणि रिझल्ट चांगला येणार का वाईट हे तिथंच ठरतंय. करोडोचं मशीन पण खराब सॅम्पल सुधारून देत नाही. म्हणून हे सविस्तर लिहायलोय, इकडची लाईट, इकडचं ऊन, इकडची धूळ हे सगळं धरून.

पद्धत थोडक्यात अशी. प्रोटीन अख्खं मोजणं अवघड म्हणून ते ट्रिप्सिन नावाच्या एन्झाईमने कापायचं. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढं कापतंय (पुढं प्रोलिन असलं तर सहसा नाही), त्यामुळं कुठल्या प्रोटीनचे कोणते तुकडे होणार हे आधीच कॉम्प्युटरवर काढता येतं. ते तुकडे म्हणजे पेप्टाईड, ते बारीक कॉलममधून हळूहळू सोडायचे, टोकाला हजार-दोन हजार व्होल्टचा दाब देऊन फवारा करायचा, म्हणजे ते चार्ज होऊन हवेत येतात. याला इलेक्ट्रोस्प्रे म्हणतात, जॉन फेन यांना २००२ चं नोबेल यासाठीच मिळालं. मशीन आधी पेप्टाईडचं वस्तुमान भागिले चार्ज म्हणजे एम बाय झेड मोजतं, मग त्यातले काही पेप्टाईड पकडून फोडतं आणि तुकड्यांचं पण वजन घेतं. सॉफ्टवेअर ते डेटाबेसशी जुळवून सांगतं की हा पेप्टाईड अमुक प्रोटीनचा. बस, तत्त्व एवढंच.

आता हृदयाचंच काय अवघड आहे ते नीट समजून घ्या, कारण लिव्हर किंवा सेल लाईनचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलला की इथंच फसतंय. हृदय म्हणजे आकुंचनाचं यंत्र, त्यात मायोसिन, अ‍ॅक्टिन, टायटिन, ट्रोपोनिन यांचा डोंगर. त्यात हृदयाच्या स्नायूपेशीचा साधारण तिसरा हिस्सा जागा मायटोकाँड्रियाने व्यापलेली, म्हणजे एटीपी सिंथेससारखे एनर्जीचे प्रोटीन पण भरमसाठ. वर मायोग्लोबिन, आणि रक्त नीट धुतलं नाही तर हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन. या सगळ्यांच्या गर्दीत एखादा आयन चॅनल किंवा रिसेप्टर किंवा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर शोधणं म्हणजे माळेगावच्या जत्रेत भोंग्याखाली उभं राहून कुणाचं तरी हळू बोलणं ऐकणं. मशीन जे जास्त आहे तेच पुन्हापुन्हा उचलत राहतं. म्हणून पुढची प्रत्येक पायरी, धुणं असो का डेटा घ्यायची पद्धत असो, या एका अडचणीला धरूनच ठरवायची.

टिश्यू कुठून

सराव सुरू करायचा असेल तर बकऱ्याचं हृदय घ्या. आपल्याकडं उस्मानाबादी शेळी गावोगाव आहे, ताजं हृदय सकाळी लवकर मिळतं आणि टिश्यू भरपूर असल्यामुळं दहा वेळा प्रोटोकॉल बसवता येतो. उगं पहिल्याच दिवशी पेशंटचा मौल्यवान तुकडा घेऊन बसू नका. कॉलेजच्या कमिटीला मात्र यासाठी पण विचारून लेखी घेऊन ठेवा, नंतर जर्नलवाले विचारतात. उंदरावर काम करायचं तर प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, प्रयोग नंतर, यात तडजोड नाही. माणसाचा टिश्यू बहुतेक वेळा बायपासच्या ऑपरेशनमध्ये उजव्या कर्णिकेचा जो छोटासा कोपरा काढला जातो तो असतो, त्यासाठी हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पेशंटची लेखी संमती लागते. ती संमती मराठीत घ्या, समजावून घ्या, आणि नातेवाईक घाबरलेले असतात तेव्हा घाईत सही घेऊ नका, आदल्या दिवशी जाऊन शांतपणे बोला. आणि एक, कर्णिका आणि जवनिका यांचे प्रोटीन वेगळे असतात, त्यामुळं पेशंटची कर्णिका आणि दुसऱ्या कुणाची जवनिका अशी तुलना कधीच करायची नाही, तो फरक आजाराचा नसतोच.

ग्रुपमध्ये किती प्राणी किंवा पेशंट? पाच-सहा तरी धरा. एकाच उंदराचं सॅम्पल तीनदा मशीनवर चालवून तीन रेप्लिकेट म्हणणं हे लई ठिकाणी चालू आहे, ते चूक आहे, त्यातून फक्त मशीन किती स्थिर आहे हे कळतं, उंदरा-उंदरातला फरक कळत नाही.

पहिली पाच मिनिटं

हृदय बाहेर काढल्यापासून गोठेपर्यंतचा वेळ सगळ्यात महत्त्वाचा. ऑक्सिजन बंद झाला की पेशी शांत बसत नाही, फॉस्फोरिलेशन (प्रोटीनवर फॉस्फेट चढणं-उतरणं) मिनिटामिनिटाला बदलतं, प्रोटीएज म्हणजे प्रोटीन तोडणारे एन्झाईम सुटतात. म्हणून सगळ्या सॅम्पलचा हा वेळ सारखा ठेवा आणि वहीत लिहा. एका ग्रुपचे तुकडे पाच मिनिटांत गोठले आणि दुसऱ्याचे वीस मिनिटांत, तर नंतर जो फरक दिसतो तो आजाराचा का उशिराचा हे ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही.

उंदराच्या हृदयात महाधमनीतून बर्फासारखा गार पीबीएस (फॉस्फेट घातलेलं मिठाचं पाणी) सोडून रक्त निघून जाईपर्यंत धुवा, टिश्यूचा रंग लालभडक सोडून फिकट होतो. बकऱ्याचं किंवा माणसाचं असेल तर छोटे तुकडे करून गार पीबीएसमध्ये दोन-तीनदा पटकन खळबळून घ्या आणि टिपकागदाने हलकं टिपा. वरची चरबी, झडपा, मोठ्या रक्तवाहिन्या कापून बाजूला. मग डावी जवनिका, उजवी जवनिका, मधला पडदा, कर्णिका वेगवेगळ्या ट्यूबमध्ये, आणि प्रत्येक हृदयातला तुकडा त्याच जागेवरून. हृदयाच्या भागाभागात फरक किती असतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो, २०१७ मध्ये निरोगी मानवी हृदयाचे १६ भाग आणि त्यातल्या मुख्य पेशी वेगळ्या करून एक नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात सगळे मिळून १०,७०० च्या वर प्रोटीन ओळखले गेले होते. म्हणजे 'हृदयाचा तुकडा' एवढं लिहून भागत नाही, कुठला ते लिहा.

तुकडे ३०-५० मिलिग्रॅमचे करून क्रायोव्हायलमध्ये टाकून लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवा. नायट्रोजन कुठून आणायचा हा प्रश्न येतोच. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी सीमेन स्ट्रॉ नायट्रोजनमध्येच ठेवतात, त्यामुळं पशुवैद्यकीय दवाखान्यांकडं त्याचा पुरवठा असतो, आणि परभणी, उदगीर इथं तर पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जाऊन रीतसर विचारा. आणताना काळजी घ्या, हे मनापासून सांगतोय: नायट्रोजनच्या भांड्याचं झाकण कधीही घट्ट लावू नका, दाब वाढून भांडं फुटू शकतं, आणि एसी लावून काचा बंद केलेल्या गाडीत ते भांडं ठेवून बसू नका. वायू वास नसलेला असतो, ऑक्सिजन कमी झालेला कळत पण नाही आणि माणूस बेशुद्ध पडतो. काचा उघड्या, हातात जाड क्रायो ग्लोव्ह, डोळ्याला चष्मा, पायात बूट, चप्पल नाही.

गोठवलेले तुकडे उणे ८० डिग्रीला. आणि इथं आपली लाईट येते. उन्हाळ्यात लाईट गेली आणि जनरेटर चालू झाला नाही तर डीप फ्रीजर काही तास धरतो, नंतर नाही. फ्रीजर वारंवार उघडू नका, रिकामी जागा असेल तर बर्फाच्या जेलपॅकने भरून ठेवा म्हणजे थंडी टिकते, आणि प्रत्येक सॅम्पलचे दोन भाग करून दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा. एकदा वितळून परत गोठलेला तुकडा प्रयोगातून बाद.

दळणं आणि प्रोटीन काढणं

खलबत्ता आधी नायट्रोजन ओतून गार करा, तुकडा टाका, परत नायट्रोजन ओता आणि पिठासारखी पूड होईपर्यंत कुटा. हृदयात कोलॅजन असतं, फायब्रोसिस झालेल्या म्हणजे तंतू वाढून कडक झालेल्या हृदयात तर लई, ते रबरासारखं राहतं म्हणून अर्धवट कुटून थांबू नका. पूड वितळायच्या आत १०-२० मिलिग्रॅम वजन करून बफरमध्ये घाला. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, लॅबमध्ये एसी नसेल तर हे काम पहाटे करा, सरळ सांगतो.

बफरचे दोन रस्ते. एक ८ मोलर युरियाचा, दुसरा ४-५ टक्के एसडीएस या डिटर्जंटचा. युरियाचा सोपा आहे, नंतर काही काढायची कटकट नाही, नुसतं पातळ करायचं. पण युरिया गरम झाला की त्यातून सायनेट तयार होतं आणि ते प्रोटीनच्या लायसिनला आणि टोकाला चिकटतं, याला कार्बामायलेशन म्हणतात, वजन ४३ डाल्टनने वाढतं आणि ट्रिप्सिनला तिथं कापता येत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की युरियाचं सॅम्पल ३७ डिग्रीच्या वर नेऊ नका. आपल्याकडं उन्हाळ्यात रूम टेंपरेचरच त्याच्या वर असतं! म्हणून एप्रिल-मे मध्ये युरियाचा बफर टेबलावर ठेवून जेवायला जाऊ नका. १० मिलीला ४.८ ग्रॅम युरिया लागतो, विरघळताना तो स्वतःच गार पडतो आणि लवकर विरघळत नाही, तेव्हा कामून गरम करायचा मोह होतो हे समजतं, पण हॉटप्लेटवर ठेवायचं नाही, हातात धरून हलवत बसा. रोज ताजा, उरलेला फेकून द्या.

माझं मत विचाराल तर हृदयासाठी एसडीएस बरा. टायटिनसारखे अजस्र प्रोटीन, पडद्यातले प्रोटीन, कोलॅजनचा काही भाग हे एसडीएसमध्ये जास्त चांगले सुटतात आणि उन्हाची भीती नाही. फक्त दोन गोष्टी: एसडीएस बर्फावर ठेवला की गोठून पांढरा साका होतो, म्हणून तो साध्या तापमानाला ठेवा, आणि मशीनवर जायच्या आधी त्याचा अंश पण राहता कामा नये, नाहीतर सिग्नल मरतो आणि फॅसिलिटीवाले परत तुमचं सॅम्पल घेत नाहीत. काढायला आजकाल खास फिल्टर कॉलम आणि मॅग्नेटिक बीड्स मिळतात. पैसे नसतील तर अ‍ॅसिटोन: सॅम्पलच्या चौपट बर्फगार अ‍ॅसिटोन, उणे २० ला रात्रभर, सेंट्रिफ्यूज, मग ८०-९० टक्के गार अ‍ॅसिटोनने दोनदा धुणं. गोळा पूर्ण खडखडीत वाळवू नका, मग तो कशातच विरघळत नाही.

बफर कुठलाही असो, प्रोटीएज इनहिबिटर टाका, फॉस्फोरिलेशन बघायचं असेल तर फॉस्फेटेज इनहिबिटर पण. थोडा थोडा वेळ थांबून सोनिकेट करा, डीएनए तुटला की चिकटपणा जातो. १४,००० जी ला १५ मिनिटं फिरवून वरचं पाणी घ्या. खाली उरलेला गाळ लगेच टाकू नका, फायब्रोसिस हा तुमचा विषय असेल तर तुमचं कोलॅजन त्यातच बसलंय.

प्रोटीन किती आलं ते रंगावरून मोजायच्या बीसीए आणि ब्रॅडफोर्ड अशा दोन पद्धती, एसडीएस असेल तर बीसीए, ब्रॅडफोर्डला एसडीएस चालत नाही. युरिया असेल तर पातळ करून बीसीए. आणि डीटीटी (पुढच्या पायरीत सिस्टीनमधले बंध तोडायला लागणारं रसायन) टाकायच्या आधी मोजा, डीटीटीने बीसीएचा रंग फसवा येतो. मग प्रत्येक सॅम्पलमधून सारखंच प्रोटीन, समजा ५० मायक्रोग्रॅम, पुढं न्या. याच टप्प्यावर १०-१० मायक्रोग्रॅमचं एसडीएस-पेज जेल लावून बघा. जेल तर आपल्या प्रत्येक कॉलेजात आहे. वर २२० किलोडाल्टनच्या आसपास मायोसिनचा जाड पट्टा, ४२ ला अ‍ॅक्टिनचा. पट्टे ठळक आणि रेखीव असतील तर ठीक, खालपर्यंत धूर पसरल्यासारखं दिसलं तर प्रोटीन सडलंय, तिथंच थांबा, पुढं ट्रिप्सिन वाया घालवू नका.

कापणं

एसडीएस घेतला असेल तर तो ट्रिप्सिन टाकायच्या आधीच वर सांगितल्यासारखा काढलेला पाहिजे. डीटीटी ५-१० मिलिमोलर, ३७ डिग्रीला पाऊण ते एक तास. मग आयोडोअ‍ॅसिटामाईड १५-२० मिलिमोलर, अंधारात ३० मिनिटं, म्हणजे तुटलेले बंध परत जुळत नाहीत, हे पण ताजं बनवायचं आणि ट्यूबला फॉईल गुंडाळायची, उजेडात खराब होतं. यामुळं सिस्टीनवर ५७ डाल्टन चढतात, हे लक्षात ठेवा, सॉफ्टवेअरमध्ये सांगावं लागतं. मग युरिया १ मोलरच्या खाली येईपर्यंत ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटने पातळ करा, पीएच ८ च्या जवळ आहे का पट्टीवर बघा, आणि ट्रिप्सिन ५० ला १ या प्रमाणात. ५० मायक्रोग्रॅम प्रोटीनला १ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे २० मायक्रोग्रॅमच्या एका बाटलीत २० सॅम्पल होतात, तेवढी बाटली परवडते. ट्रिप्सिन 'सिक्वेन्सिंग ग्रेड'चंच घ्या, सेल कल्चरमधलं चालत नाही. ३७ डिग्रीला रात्रभर, १२ ते १६ तास. इनक्युबेटर इन्व्हर्टरवर आहे का ते आधी विचारून घ्या, कारण रात्री दोन तास लाईट गेली तर पचन अर्धवट राहतं, आणि अर्धवट राहिलेलं कधी कळतं तर पैसे भरून मशीनवर गेल्यावर.

ते आधीच कळावं म्हणून सकाळी परत जेल. कापण्याआधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी. नंतरच्या लेनमध्ये मायोसिन-अ‍ॅक्टिनचे पट्टे गायब पाहिजेत. दिसत असतील तर अजून थोडं ट्रिप्सिन आणि चार तास. मग ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड १ टक्का होईल एवढं टाकून पीएच ३ च्या खाली आणा, ट्रिप्सिन थांबतं.

धुणं, वाळवणं, पाठवणं

मीठ आणि युरिया काढायला सी-१८, म्हणजे पेप्टाईड धरून ठेवणारा छोटा कॉलम. कॉलम आधी अ‍ॅसिटोनायट्राईलने ओला, मग ०.१ टक्का अ‍ॅसिडने समतोल, मग सॅम्पल सावकाश, मग धुणं, मग ५०-८० टक्के अ‍ॅसिटोनायट्राईलने काढून घेणं. कॉलम मधेच कोरडा पडू देऊ नका. मग व्हॅक्यूममध्ये वाळवा.

धुळीबद्दल इथं बोलतो, कारण हा आपल्याकडचा मोठा विषय आहे. केराटिन म्हणजे आपली त्वचा, केस, लोकर. ते सॅम्पलमध्ये पडलं की मशीन हृदय सोडून तुमचीच त्वचा मोजत बसतं. लॅबमध्ये कूलर चालू असेल तर तो बंद करा, कूलर बाहेरची सगळी धूळ आत ओढतो. ग्लोव्ह घालून मोबाईलला हात लावला की ग्लोव्ह बदला. केस बांधा, टोपी घाला. काचेची भांडी साबणाने घासू नका, साबण आणि ट्रायटन-ट्वीनसारखे डिटर्जंट मशीनमध्ये ४४-४४ डाल्टनच्या अंतराने शिडीसारखे पीक (आलेखातले उंचवटे) देतात आणि पेप्टाईड झाकून टाकतात. मिथेनॉल आणि चांगल्या पाण्याने धुवा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. टिश्यू पाठवू नका, वाळवलेले पेप्टाईड पाठवा. गोठलेला टिश्यू नांदेडहून मुंबईला न्यायचा तर ड्राय आईस, कुरिअर, मधे कुठं बॉक्स उन्हात पडला तर सगळं संपलं. वाळलेले पेप्टाईड मात्र बरेच टिकाऊ असतात, लो-बाईंड (पेप्टाईड चिकटत नाहीत अशा) ट्यूबमध्ये, पॅराफिल्म लावून, जेलपॅकसोबत डब्यात ठेवून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने स्वतः घेऊन गेलात तरी चालतं. पुण्याला एनसीएल, मुंबईला आयआयटीची प्रोटिओमिक्स फॅसिलिटी, हैदराबादला सीसीएमबी, ही सगळी आपल्यापासून एका रात्रीच्या अंतरावर आहेत, आणि कुठं कुठलं मशीन आहे ते आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर शोधून स्लॉट मागता येतो. पाठवताना प्राणी कुठला, बफरात काय काय होतं, पेप्टाईड अंदाजे किती, हे खरं खरं लिहून द्या. ट्यूबवर १, २, ३ असे नंबर टाका पण ग्रुपची अदलाबदल करून. सगळे निरोगी आधी आणि सगळे आजारी नंतर असं चालवलं तर मशीन जसजसं मळतं तसा खोटा फरक तयार होतो.

मशीनवर काय सांगायचं? एका वेळी १ मायक्रोग्रॅमच्या आसपास पेप्टाईड, ७५ मायक्रॉनचा नॅनो कॉलम, मिनिटाला ३०० नॅनोलिटर, ९० ते १२० मिनिटांचा ग्रेडियंट (द्रावण हळूहळू बदलत पेप्टाईड सोडायचा वेळ). डेटा घ्यायची पद्धत डीडीए का डीआयए असं विचारतील. डीडीएमध्ये मशीन जे उंच दिसतं तेच निवडून फोडतं, हृदयात उंच म्हणजे मायोसिन आणि मायटोकाँड्रियाच. डीआयएमध्ये ठरावीक खिडक्यांमधलं सगळंच फोडतं, निवड करत नाही, त्यामुळं कमी असलेले प्रोटीन पण सगळ्या सॅम्पलमध्ये सारखे सापडतात आणि तक्त्यात रिकाम्या जागा कमी राहतात. सोय असेल तर हृदयासाठी डीआयएच मागा. सुरुवातीला आणि मधे मधे ठरावीक स्टँडर्ड चालवायला सांगा. आणि फक्त एक्सेल शीट घेऊन येऊ नका, मशीनची मूळ रॉ फाईल मागा, हार्ड डिस्क घेऊन जा, एकेक फाईल जीबीच्या घरात असते.

डेटा

सॉफ्टवेअर फुकट आहेत: मॅक्सक्वांट, फ्रॅगपाईप, डीआयएसाठी डीआयए-एनएन. १६ जीबी रॅम तरी पाहिजे, ३२ असली तर बरं, आणि यूपीएस लागतोच. युनिप्रॉट या प्रोटीनच्या साईटवरून डेटाबेस घ्या, प्राण्यांचे नंबर असे: माणूस ९६०६, उंदरात रॅट १०११६ आणि माऊस १००९०, शेळी ९९२५. शेळीच्या बहुतेक नोंदी तपासलेल्या नसतात, एकच प्रोटीन दोन-तीन नावांनी येतं, गोंधळू नका. सोबत केराटिन-ट्रिप्सिनची कंटॅमिनंट यादी जोडा. सेटिंगमध्ये सिस्टीनचे ५७ कायम, मेथिओनिनचं ऑक्सिडेशन आणि टोकाचं अ‍ॅसिटायलेशन बदलतं, चुकलेले काप २ पर्यंत, एफडीआर (चुकीच्या ओळखींचं प्रमाण) पेप्टाईडला आणि प्रोटीनला १ टक्का.

यादी आली की लगेच पी व्हॅल्यूकडं धावू नका, आधी सॅम्पल कसं होतं ते यादीलाच विचारा. न चुकता कापलेले पेप्टाईड तीन चतुर्थांशच्या पुढं आहेत का? हिमोग्लोबिन एखाद्याच सॅम्पलमध्ये उसळलंय का, म्हणजे तो तुकडा नीट धुतला गेला नाही. पेरिलिपिन-१ वर आलंय का, म्हणजे चरबी राहिली. मायोसिन लाईट चेन ७ आणि एएनपी हे कर्णिकेचे, लाईट चेन २ जवनिकेचा, हे बघून ट्यूब अदलाबदल झाली नाही ना हे कळतं. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि ती केल्याशिवाय पुढं जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

हृदयाच्या डेटात तीन ठिकाणी लोक हमखास चुकीचं लिहितात. पहिलं, मायोसिन हेवी चेन अल्फा आणि बीटा. दोघांचा क्रम ९० टक्क्यांहून जास्त सारखा आहे, त्यामुळं बहुतेक पेप्टाईड दोघांत येतात. माणसाच्या जवनिकेत बीटा जास्त, उंदराच्या अल्फा जास्त, आणि उंदराचं हृदय फेल व्हायला लागलं की बीटा वाढतो. हा फरक बोलायचा असेल तर ज्याच्या त्याच्या युनिक पेप्टाईडवरच बोला. दुसरं, टायटिन. माणसाचं टायटिन ३४ हजारांहून जास्त अमिनो आम्लांचं आहे, त्याचे शेकड्याने पेप्टाईड सापडतात म्हणून ते सगळ्यात जास्त आहे असं होत नाही, लांबीने भागून बघावं लागतं. तिसरं, मायोसिन बाईंडिंग प्रोटीन सी. याच्या जीनमध्ये २५ बेसचं डिलिशन भारतीय उपखंडातल्या साधारण ४ टक्के लोकांत असतं, २००९ मध्ये ते समोर आलं, त्याने प्रोटीनच्या शेवटच्या टोकाचा क्रम बदलतो. युनिप्रॉटच्या रेफरन्समध्ये तो बदललेला क्रम नाही, आणि डेटाबेसात नाही ते सॉफ्टवेअरला सापडत नाही. आपल्या पेशंटचा टिश्यू असेल तर तो क्रम डेटाबेसच्या फास्टा फाईलमध्ये हाताने घाला. हे बाहेरच्या कुठल्या प्रोटोकॉलमध्ये सहसा लिहिलेलं नसतं, आपल्यालाच करावं लागणार.

आकडे लॉग २ मध्ये घ्या, मिडियनने सारखे करा, निम्म्याहून जास्त सॅम्पलमध्ये न सापडलेले प्रोटीन वगळा, आणि हजारो प्रोटीनची एकदम टेस्ट करताय तर योगायोगाने आलेले खोटे फरक आवरायला बेंजामिनी-हॉखबर्ग करेक्शन लावाच. बदललेले प्रोटीन पेशीतल्या कुठल्या कामाचे (पाथवे) ते बघताना बॅकग्राऊंड म्हणून अख्खा जीनोम देऊ नका, तुमच्या रनमध्ये सापडलेलीच यादी द्या. नाहीतर उत्तर काय येणार तर 'स्नायूंचं आकुंचन' आणि 'मायटोकाँड्रिया', ते तर काहीही न करता पण आलं असतं, कारण तुम्ही हृदयच टाकलंय.

शेवटी जे तीन-चार प्रोटीन खरोखर बदललेले वाटतात ते दुसऱ्या तुकड्यांवर, पहिल्यांदा न वापरलेल्या प्राण्यांवर किंवा पेशंटवर, वेस्टर्न ब्लॉटने (अँटिबॉडीने प्रोटीन दाखवायची पद्धत) नाहीतर मशीनवर ठरावीक पेप्टाईड धरून परत मोजा. वेस्टर्नला लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळ्या लेनमध्ये प्रोटीन सारखं आहे हे दाखवणारा पट्टा, म्हणून अ‍ॅक्टिन किंवा जीएपीडीएच डोळे झाकून घेऊ नका, आजारी हृदयात हे स्वतःच हलतात, पूर्ण लेनचं प्रोटीन रंगवून त्यावर मोजा. पेपर लिहायच्या आधी रॉ फाईल प्राईड या प्रोटिओमिक्स डेटाच्या साईटवर चढवा, फाईली मोठ्या असतात आणि इकडचं नेट बघता रात्री लावून ठेवा, पीएक्सडीने सुरू होणारा नंबर मिळतो, तो पेपरात टाकायचा.